तळ्यावरचं रडणं

हिवरदऱ्यात मयत झालं तर घरात कुणी रडत नाही. पाहुण्यांना वाटतं, काय दगडाच्या काळजाची माणसं आहेत. वाटू द्या. तिरडी उचलली की आधी तळ्याच्या बांधावर नेऊन टेकवतात, बाप्ये मागं सरतात, आणि मग बायका तोंड मोकळं करतात. तेही गावाकडं पाठ करून. इथं फोटो काढायला येणाऱ्यांनी निदान एवढं तरी ऐकून जावं, की ही चाल कुणाच्या लहरीनं पडलेली नाही.

गोष्ट संस्थानच्या वेळची. तळं एक आणि हक्क सांगणारी गावं दोन, अलीकडं हिवरदरं, पलीकडं तांबखडी. दोन पिढ्या डोकी फुटली. शेवटी संस्थानचा कारभारी कंटाळला आणि त्यानं दिव्य सांगितलं. एकानं शिवेवरची माती डोक्यावर घेऊन चालायचं, तो चालेल ती शीव. मात्र दहा दिवसांत त्याच्या घरात माणूस मेलं, नाहीतर दावणीचं जनावर मेलं, तर तो खोटा चालला आणि तळं दुसऱ्या गावाचं. असला न्याय. आजचे पुढारी याहून शहाणे आहेत असं समजू नका.

हिवरदऱ्याकडून बहिर्जी पाटील चालला. खरा चालला, असं सांगतात. तळं हिवरदऱ्याच्या बाजूला आलं. आता दहा दिवस तेवढे निभवायचे होते. रोज सांजेला तांबखडीचा पंच पाटलाच्या दारात येऊन डोकी मोजायचा. पाटील, पाटलाची आई, बायको ठकू आणि दीड वर्षाची चिमा. चार माणसं, दोन बैल. मोजणारा होता लिंबाजी गुरव. देवाची पूजा करायचा, झाडपाल्याचं औषध द्यायचा. पंचक्रोशीत पोरांच्या तापाला त्याच्यासारखा उतारा कुणाकडं नव्हता म्हणे.

सातव्या दिवशी चिमा तापली.

ठकूनं नवऱ्याला सांगितलं, गुरव दारात येतोच आहे, त्याला दाखवूया. पाटलाच्या ओसरीवर गावचे चार शहाणे बसलेले. ते म्हणाले, घरात दुखणं शिरलंय एवढं कळलं तरी तांबखडीवाले बोंब ठोकतील. पाटील बायकोकडं न बघता म्हणाला, "तीन दिवस कळ काढ. मग मीच तिला खांद्यावर घेऊन गुरवाकडं जातो."

ठकूनं कळ काढली. गाव तहानलेलं, सासू हात जोडतेय, नवऱ्याचा शब्द पणाला लागलेला. बाईमाणूस करणार काय? कपाळावर ओल्या चिंध्या ठेवल्या, तुळशीचा रस पाजला. सांजेला गुरव यायचा, दोन हातांच्या अंतरावर उभा राहायचा. ठकू पोरीला पदराआड घ्यायची. तो मोजून जायचा.

दहाव्या दिवशी दुपारी चिमा मांडीवरच गेली. ठकूनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तर पाटलानं त्यावर हात दाबला. "आज नको. उद्या," म्हणाला.

सांजेला गुरव आला. ठकू चौकटीला टेकून बसलेली, पोर मांडीवर, अंगावर दुपटं.

"निजली का?" त्यानं विचारलं.

"आत्ताच डोळा लागलाय."

औषध देणारा माणूस तो. दुपट्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चार माणसं, दोन बैल," आणि पाठ फिरवून गेला.

हिवरदरं जिंकलं. हलग्या वाजल्या, गुलाल उडाला. दुसऱ्या दिवशी पोर गेल्याचं गावाला सांगितलं, बायका गोळा झाल्या, पण ठकूला रडूच येईना. डोळे कोरडे ठणठणीत. बायका कुजबुजल्या, पाटलीण तळ्याच्या आनंदात आहे.

महिन्याभरानं ती तळ्यावर घागर बुडवत होती. पलीकडच्या काठावरून वळसा घालून गुरव जवळ आला. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पाटलीणबाई," तो म्हणाला, "मोजायला येताना मी औषधाची झोळी घरी ठेवत नव्हतो. तुम्ही पोर नुसती पुढं करायची होती. मी कुणाला बोललो नसतो."

ठकूच्या हातची घागर सुटली. तिथंच, पाण्यात गुडघाभर उभी राहून, तांबखडीकडं तोंड करून ती रडली. दिवस मावळेपर्यंत रडली. गावातून बायका धावत आल्या, पण तिला घरी चल म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पाटील बांधाच्या मागंच थांबला. त्या दिवसापासून ठकूनं त्याच्या घरात डोळ्यातून टिपूस काढलं नाही, सासू गेली तेव्हाही नाही, तो गेला तेव्हाही नाही. प्रत्येक वेळी तळ्यावर गेली. मग बाकीच्या बायकाही जाऊ लागल्या.

आता घरोघरी नळ आलेत, तळ्याचं भांडण उरलं नाही, तांबखडीच्या बायकाही पलीकडच्या काठावर धुणं धुतात. आजही हिवरदऱ्याच्या बायका बांधावर रडायला लागल्या, की पलीकडं तांबखडीचं जे कुणी धुणं धूत असेल, ते हातातला पिळा तसाच धरून उभं राहतं. इकडचं रडणं थांबेपर्यंत तिकडं दगडावर कपडा आपटत नाहीत.