आवडाबाईची जीभ

लहानांनो आणि थोरांनो, ही गोष्ट खूप खूप जुन्या काळची आहे. तेव्हा राजे घोड्यावरून फिरत आणि माणसं बाजाराला बैलगाडीने येत.

एका घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. त्या पेठेत आवडाबाई नावाच्या बाईचं खाण्याच्या जिनसांचं दुकान होतं. दुकान एवढंसंच. चार गिऱ्हाइकं आत शिरली की पाचव्याला पायरीवर थांबावं लागे. पण तिथे मिळे ते दुसरीकडे मिळत नसे. डोंगरातला दाट मध, कणीदार तूप, उन्हात वाळलेली आंबापोळी, माईनमुळ्याचं लोणचं, काकवी. माल थोडा, पण निवडक.

आवडाबाईचा एक नेम होता. स्वतः चाखल्याशिवाय ती कुठलाही जिन्नस फळीवर ठेवत नसे. मधात पाक मिसळलेला असला, तर आणणाऱ्याला म्हणे, "हा परत न्या. मधमाश्यांनी केलेला आणा." माणूस चरफडत जाई, पण पुढच्या खेपेला चांगलाच मध आणी.

गिऱ्हाईक विचारी, "बाई, आज काय नेऊ?"

ती सांगे, "काकवी न्या. लोणचं अजून मुरायचंय."

आणि गिऱ्हाईक काकवीच नेई.

एका भाद्रपदात आवडाबाईला जोराचा ताप आला. काही दिवसांनी तो उतरला. ती दुकानात आली आणि नव्या लोणच्याची फोड तिने तोंडात टाकली. काहीच लागलं नाही. मध चाखला, नुसता चिकटपणा जाणवला. शेवटी तिने मिठाचा खडा जिभेवर ठेवला. तो वाळूच्या खड्यासारखा लागला.

आवडाबाईने खडा थुंकून टाकला. तिची चव गेली होती.

तिची नणंद मैना दुकानात मदतीला असे. ती हळूच म्हणाली, "वहिनी, कुणाजवळ बोलू नका. चाखल्यासारखं करा आणि मान डोलवा. लोक तुमच्या शब्दावर नेतात. कुणाला कळणार आहे?"

"मान डोलवायला मला येते गं," आवडाबाई म्हणाली. "पण लोक माझ्या शब्दावर नेतात, म्हणूनच तो खोटा देता येत नाही."

दुसऱ्याच दिवशी राजवाड्याचा कारभारी दारात उभा राहिला. राजकन्येचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं.

"बाई, तूप, मध, लोणची, सगळं तुम्हीच निवडून द्यायचं," तो म्हणाला. "तुम्ही चांगलं म्हणाल ते आम्ही डोळे मिटून घेऊ."

मैनेचा चेहरा उजळला. पण आवडाबाई म्हणाली, "कारभारी, आधी एक ऐका. तापानंतर मला चव कळेनाशी झालीय. डोळे मिटून घेऊ नका."

कारभाऱ्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने उपरणं सावरलं. "चव न कळणाऱ्या बाईकडून राजवाड्याचा माल घ्यायचा?" असं म्हणून तो निघून गेला, आणि तुपाचं काम त्याने पेठेतल्या एका बड्या व्यापाऱ्याला दिलं.

बातमी पेठभर झाली. गिऱ्हाईक रोडावलं. मैना डोळे पुसत बसली. आवडाबाईलाही वाईट वाटलं, पण ती हातपाय गाळून बसणारी नव्हती. पेठेत कुणाला कशातलं कळतं, याचा तिने विचार केला आणि तिघांना बोलावून आणलं. रायबा पैलवान दूधतुपावर वाढलेला. म्हातारे विसोबा, ज्यांचा जन्म डोंगरात मध काढण्यात गेला. आणि कोष्ट्याची सून पारू. तिला दिवस गेले होते आणि आंबटाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"माझी जीभ गेली," आवडाबाई त्यांना म्हणाली. "तुमची उसनी द्या."

तिघंही हसली, पण बाकावर बसली. लोणच्यावरून तर भांडणच जुंपलं. पारू म्हणाली, "मावशी, हे फारच गुळमट झालंय." रायबा तोंड वाकडं करून म्हणाला, "गुळमट? माझे दात आंबले की!"

आवडाबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकाला जसंच्या तसं सांगितलं. हे भांडण ऐकायला लोक पायरीवर थांबू लागले. थांबले की चाखू लागले, आणि चाखलं की घेऊ लागले.

दिवाळी तोंडावर आली. दुकानातलं तूप संपलं होतं. तेवढ्यात तो बडा व्यापारी तुपाच्या घागरी घेऊन आला. बाईला काय कळणार, असं त्याच्या मनात होतं.

"घ्या बाई, चाखून घ्या," तो हसत म्हणाला.

"चाखते ना," आवडाबाई म्हणाली. "रायबा, ये रे इकडे."

रायबाने थेंबभर तूप तळव्यावर चोळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं आणि बाहेर जाऊन थुंकलं. "मावशी, यात तूप कमी आणि चरबीच जास्त."

व्यापारी भडकला. "पैलवानाच्या सांगण्यावर तुम्ही धंदा करणार? ऐन सणात तुमची फळी रिकामी आहे, विसरू नका!"

"रिकामी आहे ती लोकांना दिसू दे," आवडाबाई म्हणाली. "उचला तुमच्या घागरी."

प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगत राहिली, "तूप नाही. चांगलं मिळालं की निरोप धाडीन." काहीजण दुसरीकडे गेले. बरेचजण थांबले. चार दिवसांनी डोंगरापलीकडच्या एका गवळ्याकडचं तूप आलं, रायबाने डोळे मिटून बोटं चाटली, आणि संध्याकाळपर्यंत ते संपलंसुद्धा.

तिकडे राजकन्येच्या लग्नात त्या व्यापाऱ्याच्या तुपातले लाडू वाढले गेले. पहिल्याच घासाला व्याह्यांनी नाक मुरडलं, आणि भरल्या पंगतीत राजाला मान खाली घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी कारभारी चालत दुकानात आला. त्याने जोडे पायरीवर काढले.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला कळत नव्हतं, ते तुम्ही सांगितलंत. त्या व्यापाऱ्याला सगळं कळत होतं, त्याने लपवलं. मी मात्र तुम्हालाच हिणवलं. लग्नाच्या अजून तीन पंगती बाकी आहेत. तेवढ्या सांभाळा."

"सांभाळीन. पण माझ्या एकटीच्या शब्दावर काही नेऊ नका," आवडाबाई म्हणाली. "या, बसा. चाखा."

आणि राजाचा कारभारी पैलवानाच्या शेजारी अंग चोरून बसला. विसोबांनी त्याच्या हातावर मध घातला आणि आपल्या पोटावरून हात फिरवत पारूने विचारलं, "लोणचं कसं वाटतं, खरं सांगा हं!"

पुढे त्या व्यापाऱ्याला पेठेत कुणी उभं केलं नाही. आवडाबाईची चव काही परत आली नाही, पण तिच्या दुकानातून आलेला जिन्नस दूरदूरच्या गावांत लोक निश्चिंत मनाने खाऊ लागले.

तात्पर्य: आपल्यातलं उणं जो आधी स्वतः सांगतो, त्याच्या शब्दावर लोक निर्धास्त विसंबतात.