छायाचित्रावरची काळी पट्टी

एकदा एका वयोवृद्ध डॉक्टर बाईंनी आपल्याच शिष्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावली. खऱ्या डोळ्यांवर नव्हे, छायाचित्रातल्या. तेवढ्यावरून शिष्याचा तिळपापड झाला, आणि तो व्हावा हीच बाईंची इच्छा होती.

बाई स्त्री-आरोग्याला वाहिलेल्या एका वैद्यकीय त्रैमासिकाच्या संपादक होत्या. त्यांच्या हाताखालून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या आणि त्या सगळ्या त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. शिष्य जिल्ह्याच्या गावी, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी रुग्णालयात होता. हात कुशल, बुद्धी तल्लख, आणि डोळा बढतीवर. आता तिथे बढती हवी तर रुग्ण बरे करून भागत नाही, लेख छापून यावा लागतो. बरी झालेली रुग्ण आपल्या घरी निघून जाते. छापलेला लेख मात्र मुलाखतीच्या टेबलावर ठेवता येतो.

त्याच्याकडे एक दुर्मिळ रुग्ण आली होती. चाळिशी ओलांडलेली, कष्टाची स्त्री. तिच्या चेहऱ्यावर दाढीमिशा उगवल्या होत्या, आवाज जाड झाला होता, पाळी केव्हाच थांबली होती. तिच्या अंडाशयात एक गाठ होती आणि ती गाठ पुरुषी संप्रेरक रक्तात सोडत होती. शिष्याने ते निदान केले, शस्त्रक्रिया करून गाठ काढली, आणि ती बरी झाली. इथवर त्याला पैकीच्या पैकी गुण. तिचे नाव-गाव मी सांगणार नाही, आणि ज्या खुणांवरून ती ओळखू येईल त्या मी बदलल्या आहेत. ही काळजी मी का घेतो आहे ते पुढे कळेल.

शिष्य लेखाला बसला. त्रैमासिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ त्याने पोथीसारख्या वाचल्या. समास किती, दोन ओळींत अंतर किती, सारांश किती शब्दांचा, संदर्भात स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, तक्ते वेगळे जोडायचे की लेखातच घालायचे, सगळे त्याने तंतोतंत पाळले. विभागप्रमुखांचे नाव पहिले घातले. विभागप्रमुखांनी त्या रुग्णाला कधी पाहिले नव्हते, पण पहिले नाव घालायला पाहावे लागत नाही. सर्वात शेवटी शस्त्रक्रियेपूर्वीचे तिचे छायाचित्र जोडले, पूर्ण चेहऱ्याचे, दाढी स्पष्ट दिसेल असे. रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर एक काळी पट्टी ओढली. संगणकावर ती पट्टी ओढायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ त्याने तिच्या अब्रूचा विचार केला.

मला या जागी संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. स्वल्पविराम चुकला तर लेख परत येतो. तक्त्याची रेघ चुकली तर लेख परत येतो. एका जिवंत बाईचे तोंड तिला न विचारता जगापुढे ठेवले, तर तो पुढच्या टेबलावर जातो. आणि हे करणारी माणसे दुष्ट नसतात, चांगली शिकलेली, सभ्य, सकाळी देवाला हात जोडून घराबाहेर पडणारी असतात. म्हणून तर जास्त राग येतो.

काही आठवड्यांनी शिष्याला लेखाचे प्रूफ आले. लेख जसाच्या तसा होता. पण शेवटी जिथे लेखकाचा परिचय असतो तिथे त्याचे नाव नव्हते. त्याचे छायाचित्र होते, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेले, आणि खाली मजकूर असा: ‘एक पुरुष, वय चाळिशीच्या आत. पोट सुटलेले. कपाळावरचे केस झपाट्याने मागे हटत आहेत. बाजूचे केस वाढवून मध्यावर ओढण्यापलीकडे रुग्णाने काही इलाज केलेला नाही. उपचारासाठी उशिरा आला. ओळख गुप्त ठेवली आहे.’

छापलेले कागद टेबलावर ठेवताना शिपाई म्हणाला, “साहेब, फोटो झकास आलाय तुमचा.” मग तो तोंडावर हात धरून बाहेर गेला.

शिष्य भर उन्हात बाईंच्या घरी पोहोचला. बाई जेवणाआधीचे इन्सुलिन स्वतःच टोचून घेत होत्या.

“बाई, ही काय थट्टा आहे?”

“बस आधी. पाणी घे. कसली थट्टा?”

“हा फोटो. ही पट्टी. हे पोट, हे केस. हे असं छापणार आहात तुम्ही?”

“ओळख गुप्त ठेवली आहे की. डोळे झाकलेत तुझे.”

“डोळे झाकून काय होतंय? शिपायानं ओळखलं. बायकोनं लांबून ओळखलं. माझं टक्कल अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे.”

“असं होय. मग पट्टीचा उपयोग काय झाला?”

“ते मला काय विचारता? आणि मला न विचारता असा वापरलाच कसा माझा फोटो?”

“तूच पाठवलास. खाली सहीसुद्धा आहे तुझी.”

“तो परिचयासाठी दिला होता, बाई. असं हसं करून घ्यायला नव्हता दिला.”

बाईंनी सुईला टोपण लावले. “तिनं कशासाठी दिला होता?”

कोणाविषयी चालले आहे हे शिष्याला तेव्हा उमगले. तरी तो लगेच मागे हटला नाही. बढती जवळ आली की माणूस शेवटचा मुद्दाही मांडून बघतो. तो म्हणाला, “तिची संमती आहे. कागद जोडलाय मी.”

“सही कधी घेतलीस?”

“ऑपरेशनच्या सकाळी. बाकीच्या कागदांबरोबर.”

“म्हणजे अंगात दवाखान्याचा झगा, हाताला सलाइन, आणि पोट उघडणारा माणूस समोर उभा. तेव्हा तिनं तुला ‘नाही’ म्हणायचं होतं? अरे, त्या वेळी तू तिचं घर लिहून मागितलं असतंस तरी तिनं सही केली असती.”

शिष्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि त्याचा अर्थ त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होता.

“तुझे केस गेले हे चार लोकांना कळलं तर तुझं काय जाणार आहे? काही नाही. तरी तू जेवण टाकून धावत आलास. तिचं काय जाईल? पूर्वी आपला अंक ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडायचा. आता तो फोनवर उघडतो. सकाळी एकानं दुसऱ्याला पाठवला की दुपारपर्यंत पारावर. आणि ही पट्टी. चाळीस वर्षं बघत आलेय मी ती, छापतही आले. सूचना मीच लिहिल्या, त्यांत समासाचं माप आहे आणि ह्या बाईचा विचार नाही. पट्टी तिला झाकायला असते असं आपण एकमेकांना सांगतो. साफ खोटं आहे. तिची हनुवटी दिसते, हनुवटीवरचं गोंदण दिसतं, कानातलं दिसतं. दिसत नाहीत ते फक्त डोळे. कारण डोळे उघडे ठेवले तर ती आपल्याकडे बघेल. आपल्याला तिच्याकडे हवं तेवढं बघायचं असतं, तिनं आपल्याकडे बघितलेलं मात्र चालत नाही. ती पट्टी तिच्या लाजेसाठी नाही रे. आपल्याला लाज वाटू नये म्हणून आहे.”

मग शिष्य म्हणाला, “फोटो काढून टाकतो.”

“मला सांगू नकोस. अंक माझा आहे, तोंड तिचं आहे. जा आणि तिला दाखव. लेखही वाचून दाखव, तिला कळेल असा.”

ती स्त्री आपल्या गावात पिठाची गिरणी चालवत असे. शिष्य पोहोचला तेव्हा गिरणी चालू होती. त्याला पाहताच तिने पट्टा उतरवला आणि पदराला हात पुसत पुढे आली. चेहरा स्वच्छ झाला होता. आवाज मात्र अजून थोडा जाड होता, तो तसाच राहणार होता.

“या डाक्टर. त्या पोत्यावर नका बसू, कपड्याला पीठ लागंल.”

त्याने कागद पुढे केला. ती छायाचित्राकडे पाहत राहिली. मग तिने आपला तळवा त्या चेहऱ्याच्या खालच्या भागावर ठेवला. दाढी झाकली गेली आणि वर फक्त काळी पट्टी उरली.

“आता काईच ऱ्हायलं न्हाई बगा,” ती म्हणाली.

तिने खुंटीवरच्या एका फडक्याकडे बोट दाखवले. “चार-पाच वर्सं ह्ये फडकं नाकावरनं बांधून बसले मी. गिरनीवाली, तवा कुनी इचारलं न्हाई. पीठ उडतंय म्हनून बांधलंय, झालं. घरात लेकीम्होरं बी सोडलं न्हाई. डोळं तेवढं उघडं. हासायचं डोळ्यांनी, रागवायचं बी डोळ्यांनीच.”

शिष्य कागदाकडे बघत राहिला. तिने इतकी वर्षे जपून जे झाकले होते ते त्याने उघडे केले होते, आणि तिने जगासाठी जे उघडे ठेवले होते तेवढेच नेमके झाकले होते.

“लेक नर्सिंगला हाय तालुक्याला,” ती म्हणाली. “गाठ काढली येवढंच तिला म्हाईत. ह्ये तोंड तिनं बगितलेलं न्हाई. तुमची असली पुस्तकं तिच्या कालेजात येत्यात का?”

येतात, हे त्याला माहीत होते. बाईंचा अंक तिथे नेमाने जात असे. तो “हो” म्हणाला.

“काय लिवलंय त्ये तर सांगा.”

लेख इंग्रजीत होता. तो एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. इंग्रजीत जी वाक्ये कडक इस्त्रीची वाटली होती, ती तिच्यासमोर, तिच्या भाषेत बोलताना त्याची जीभ अडखळत होती. ‘रुग्ण उपचारासाठी उशिरा आली’ हे वाक्य आले तेव्हा तिने त्याला थांबवले.

“उशिरा कशी? पयल्याच वर्साला आलते की मी तुमच्याकडं. धीर करून, फडकं सोडून दावायचं म्हनून. तुमी लिवत हुता. मान वर न करता म्हनला, वयानं हुतंय असं, गोळ्या घ्या. पुना एकदा आले, तवा बी तसंच. मंग शेवटी दारातनंच फडकं सोडून आत आले, तवा कुठं वर बगितलंत.”

“तो मीच होतो? नक्की?”

“तुमीच की. तवा डोक्यावर केस हुते तुमच्या.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. त्याची इच्छा होती की तिने दोन शब्द सुनवावेत, कागद फाडावा. तिने कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

“लिवा तुमी. दुसऱ्या बायांचं भलं हुईल. पन माझं तोंड नगं. आन उशिरा आली, त्ये खोडा. त्ये खोटं हाय.”

अंक निघाला तेव्हा त्यात तिचे छायाचित्र नव्हते. खोडलेल्या वाक्याच्या जागी दुसरे होते: ‘रुग्ण आजाराच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे आली होती. मी वर पाहिले नाही.’ ते वाक्य वाचून विभागप्रमुखांनी आपले नाव काढून घेतले. एवढा खरेपणा त्यांना परवडणारा नव्हता. लेखाखाली शिष्याचा परिचय नावासकट आणि पट्टीवाचून छापला गेला, टक्कलही जसेच्या तसे. आणि ‘लेखकांसाठी सूचना’ या पानावर समासाच्या मापाच्याही वर बाईंनी एक ओळ घातली, की लेख जिच्याविषयी आहे तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय आमच्याकडे पाठवू नये. त्या वर्षी त्यांच्याकडे लेख फार थोडे आले. बाईंना त्याचे वाईट वाटले नाही. तसे होणार हे त्या धरूनच होत्या.

शिष्याला त्या खेपेला बढती मिळाली नाही. मुलाखतीत त्या एका वाक्यावरच सगळे अडून बसले. काय हा वेडेपणा, असे एकाने हसत विचारलेही.

पुढच्या तपासणीला ती स्त्री आली. शिष्य कागदावर काही लिहीत होता. त्याने पेन बाजूला ठेवले.

“लेकीचा फोन आलता,” ती म्हणाली. “म्हनली, आई, कालेजात एका बाईचं वाचलं. दाढी आल्याली, आन डाक्टरनं सोताच लिवलंय की म्या वर बगितलं न्हाई. म्हनली, कोन असंल गं ती? भेटली तर पाया पडंन म्हनली तिच्या.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“असंल कोन तरी, म्हनलं.” ती म्हणाली. “तिनं वळाकलं का न्हाई, द्येव जानं. तिनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई.”

हे सांगताना ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. त्याला नजर खाली घ्यावीशी वाटली, फार वाटली, पण त्याने ती घेतली नाही.