पिवळ्या टोपीची टाळी

एकदा एक वस्ताद आपल्याच पठ्ठ्याची कुस्ती लागली असताना मैदानाकडे पाठ करून बसला. पांढऱ्या मिशांचा, गावाच्या तीन पिढ्या मातीत घडवलेला हा म्हातारा. आणि कुस्तीही लहानसहान नव्हे, जत्रेतली शेवटची, मानाची. नदीच्या अलीकडचे गाव विरुद्ध पलीकडचे गाव. लोकांना वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले असावे.

ज्याची कुस्ती होती त्या हिंदुरावची नजर मात्र त्या पाठीवरून हटेना. गावातल्या तेलाच्या एका बड्या व्यापाऱ्याने शहरात पैलवानांचा संघ उभा करायला घेतला होता आणि हिंदुराव त्याला हवा होता. उत्तम खुराक, नवी तालीम, दूरदूरची मैदाने, सगळे त्याने देऊ केले होते. हिंदुरावचा जीव त्यात अडकला होता, पण वस्तादांच्या शब्दाबाहेर तो पाऊल टाकणार नव्हता. वस्ताद एवढेच म्हणाले होते, "कुस्ती होऊ दे, मग सांगतो." आणि आता ते कुस्ती बघायलाही तयार नव्हते.

मैदानाचा खर्च व्यापाऱ्यानेच उचलला होता. अलीकडच्या गावातल्या प्रत्येकाला त्याने आपल्या तेलाचे नाव छापलेली पिवळी टोपी वाटली होती आणि कर्ण्यावरून बजावले होते, की पिवळ्या टोपीची टाळी फक्त आपल्या पैलवानाला. गावाचा अभिमान पेटला की माल आपोआप खपतो, असा त्याचा साधा हिशेब. लोकांनीही तो हौसेने मानला; फुकटची टोपी कोणाला नको असते?

हलगी कडाडली आणि हिंदुराव सारे विसरला. खडाखडी झाली, मानेवर हात पडले, लाल माती उडू लागली. पलीकडचा पैलवान अंगाने बेताचाच, पण विजेसारखा चपळ. बघता बघता त्याने बगलेत हात घालून अशी ढाक मारली, की हिंदुरावचे दोन्ही पाय आभाळाकडे गेले. काय डाव होता तो! हिंदुराव हवेतल्या हवेत वळला म्हणून पालथा पडला, नाहीतर पाठ टेकलीच होती. पलीकडच्या गावाने आरोळी ठोकली. पिवळ्या टोप्या गप्प राहिल्या. मग हिंदुराव उसळला, त्याने कब्जा घेतला, सारा जोर लावून घिस्सा डाव ओढला आणि समोरच्याला चीत करून आभाळ दाखवले. शिट्ट्या, आरोळ्या, हलगी यांनी कानठळ्या बसल्या. व्यापाऱ्याने स्वतः उठून त्याला फेटा बांधला.

हिंदुराव धावतच जाऊन वस्तादांच्या पाया पडला. "वस्ताद, तुम्ही बघितलंच न्हाई."

"बघत हुतो की," वस्ताद म्हणाले. "माणसांच्या तोंडावर बघत हुतो. त्यानं ढाक मारली तवा आपल्या गावाचे हात टाळीसाठी वर आले, आन् अर्ध्यातच थांबले. टोपी आठवली त्यांना. लेका, गाव कसं हाय ते मातीत दिसत न्हाई, मातीभवती बसलेल्या माणसांत दिसतं. चांगला डाव वळखायचा, मग तो कुणाचा का असंना, ही आपली रीत. यापाऱ्यानं तेल खुशाल विकावं. त्याच्या आधारानं पोरं दूध पितील, त्यात वंगाळ काय? पर टाळीच त्याच्या हाती गेली, तर उद्या तुझा डाव कोण बघंल? सगळे टोपीच बघतील."

हिंदुरावला ती ढाक आठवली. पाय आभाळाकडे गेले तेव्हा त्याच्या स्वतःच्याही मनात 'वाहवा' उमटली होती. तो माघारी वळला. हरलेला पैलवान अंगावरची माती झटकत एकटाच निघाला होता. हिंदुरावने त्याचा हात धरून त्याला लाल मातीच्या हौद्यात परत आणले, स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि गर्दीला म्हणाला, "ढाक बघितली न्हवं? मी कसा सुटलो, माझं मला ठावं."

गर्दी चपापली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने पहिली टाळी दिली. दुसऱ्या क्षणी दोन्ही गावांनी मैदान डोक्यावर घेतले. लोक नाचू लागले, हलगीवाल्याला तर आवरेना. आणि गंमत म्हणजे खुर्चीत बसलेला व्यापारीही टाळ्या पिटत होता. आपण काय करतो आहोत हे त्याला जरा उशिराच कळले.

तो हसत वस्तादांजवळ आला. "मग, पोरगा माझा ना?"

वस्तादांनी हिंदुरावकडे बोट दाखवले. हिंदुराव म्हणाला, "येतो. पर टाळीवर हुकूम चालवायचा न्हाई."

"अरे, मग टोप्या वाटून मला काय मिळणार?"

"टोप्या वाटा की. दोन्ही गावांस्नी वाटा, एकाच रंगाच्या."

व्यापाऱ्याने पलीकडच्या गावाहून आलेल्या गर्दीकडे पाहिले. तिकडच्या घरांतही भजी तळतातच की. त्याचा चेहरा उजळला.

वस्तादांनी शिष्याच्या पाठीवर थाप मारली. "जा आता," ते म्हणाले. "माझी काळजी मिटली."

सामना कोणताही असो, आपल्या बाजूचा झेंडा जरूर धरावा. मात्र टाळीपुरते दोन्ही हात मोकळे आहेत ना, एवढे बसण्यापूर्वी पाहून घ्यावे.