अवसेला चंद्र कुठे असतो

"...पण माय, चंद्र तर सगळ्या औषधींचा राजा. मग त्यालाच क्षय कसा जडला?"

द्वारकेने हे विचारलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. सातपुड्याच्या उतारावर धुकं पसरलेलं. पूर्वेला चतुर्दशीची कोर, दिसेल न दिसेल अशी.

येसूमाय चुलीपुढे बसली होती. ऐंशीच्या पुढची. झाडपाल्याची जाणती. द्वारका सहा वर्षं तिच्या हाताखाली शिकली, मग खाली कासारखेड्यात वैद्यकी करू लागली. नाव मोठं झालं. लांबलांबून बैलगाड्या दाराशी येऊ लागल्या. आज आठ वर्षांनी ती डोंगर चढून आली होती.

"गोष्ट तुला येते ना? तूच सांग."

द्वारकेने भराभर सांगितली. चंद्राच्या सत्तावीस बायका, लाडकी मात्र एकटी रोहिणी. सासऱ्याचा, दक्षाचा शाप. चंद्र झिजत गेला. त्याच्यामागे रानातल्या वेली सुकल्या, गाई आटल्या. शेवटी महादेवाने अर्धाच उःशाप दिला. पंधरा दिवस झिजायचं, पंधरा दिवस भरायचं.

"आणि अवसेला? तेव्हा कुठे असतो तो?"

"नसतोच."

"असतो. पाण्यात उतरतो. झाडपाल्यात शिरतो. म्हणून तर अवसेला आपण पान तोडत नाही."

द्वारका हसली. "राजाचं राहू दे. त्याला निम्मंच औषध मिळालं. मला पुरतं हवंय."

"कशावर?"

"थकव्यावर. न थकण्याचं औषध दे, माय."

येसूमायने तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं. उजवा हात पदराखाली घेतलेला.

"ओढ्याच्या काठी पांढरी मुसळी आहे. काढून आण. ताकदीला तिच्यासारखी मुळी नाही."

आणि कुदळ पुढे केली.

दुपारी द्वारका परतली. पायांना चिखल. हातात नुसती कुदळ.

"तिथे काही नाही. एक पान नाही. रान मेलंय तुझं."

म्हातारी उठली. काठी टेकत, थांबत थांबत ओढ्यावर गेली. उघड्या जमिनीवर गुडघे टेकून बसली. निजलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा तळहात मातीवर ठेवला.

"इथं."

मागून आलेल्या द्वारकेने कुदळीचे दोन घाव घातले. ओंजळीएवढ्या खड्ड्यातून मुळ्यांचा झुबका वर आला. बोटांसारख्या भरलेल्या, घट्ट.

"भाद्रपदात इथे पानंच पानं असतात. तेव्हा का नाही काढत आपण?"

द्वारका सवयीने बोलून गेली. "तेव्हा मुळी पाणचट असते. पानं वाळली, की सगळा जोर खाली उतरतो. मग..."

ती थांबली.

ओढा वाहत होता. पलीकडच्या काठावर एक बगळा होता. तो उडून गेला.

"माय..."

येसूमाय मुळ्या निवडू लागली.

"भाद्रपदात तापाची साथ आली. तीन गावं आणि मी एकटी. एकोणीस दिवस पाठ टेकली नाही. लोक म्हणायचे, वैद्यीणबाई माणूस नाही, देवी आहे. मलाही तसंच वाटायला लागलं."

"मग?"

"राजस नावाची एक बाळंतीण होती. तिला औषध देताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मात्रा दुप्पट पडली. दोन दिवस ती काळीनिळी होती. कशीबशी वाचली. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूने माझे पाय धरले. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून सून हाती लागली."

"आणि तू?"

"मी... आशीर्वाद दिला."

पदराखालचा हात आता बाहेर आला होता. झाडावरच्या शेवटच्या पानासारखा थरथरत होता.

येसूमायने तो धरला नाही. मुळ्यांची माती झटकली, त्यातल्या दोन बारक्या परत खड्ड्यात ठेवल्या, वर माती ओढली.

"चल. गार वारा सुटलाय."

दुसऱ्या दिवशी अवस होती. त्या दिवशी खुडणं नाही, कुटणं नाही. खल पालथा. विळा आढ्याला खोचलेला. द्वारका सकाळभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. रिकाम्या हातांचं करायचं काय, ते तिला कळेना.

म्हातारीने उन्हात गोधडी अंथरली.

"बस."

द्वारका बसली. मग आडवी झाली. मातीची ऊब पाठीला लागली. केसांपासून काहीतरी खाली उतरू लागलं... कपाळ, खांदे, मनगटं... आणि गोधडीतून जमिनीत मुरून गेलं. ओढ्याचा आवाज जवळ आला. तिला वाटलं, कुणी एक फिकट, दमलेला राजा पाण्यातून चालत येतोय. मुकुट काढून त्याने काठावर ठेवला. मुसळीच्या मुळांशी तोही अंग टाकून पडला. त्याला कुणी काही मागत नव्हतं...

ती जागी झाली तेव्हा ऊन होतं. पण ते दुसऱ्या दिवसाचं.

"माय! किती निजले मी?"

"मी नाही मोजलं."

द्वारकेने ओढ्यावर अंघोळ केली. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. मग बोचकं बांधलं.

"आधी राजसच्या घरी जाते. सासूला खरं काय ते सांगते."

"हाकलून देतील."

"देतील."

"गावात बोभाटा होईल. गाड्या यायच्या थांबतील."

"थांबू देत." हात अजून थोडा थरथरत होता. तिने तो लपवला नाही.

ती येसूमायच्या पाया पडली. उतरणीला लागली. मग दहा पावलांवरून वळली. सवय सहजी सुटते थोडीच.

"माय, पण ते न थकण्याचं औषध... ते दिलंच नाहीस तू मला."

येसूमाय उंबऱ्याला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"ते माझ्याकडे कधीच नव्हतं गं. असतं, तर मी एवढी म्हातारी होईपर्यंत टिकले असते का?"