सूर्यफुलाची मान

फुलं मनातलं बोलून दाखवायची, तेव्हाची गोष्ट. थंडीत सूर्य लवकर मावळू लागला, तसं एक सूर्यफूल शेतभर सांगत सुटलं, "मी दिवसभर याच्याकडे मान वळवायची आणि यानं मला टाकून पळायचं!"

ते ऐकून सूर्य म्हणाला, "अरे, मी जागचा हलत नाही. तुझी पृथ्वीच गिरकी घेत तुला दूर नेते. ती कललेली आहे, म्हणून थंडीत तुझा दिवस लहान. पार उत्तरेच्या टोकाला तर महिनोन्‌महिने उजाडत नाही. तिथलं शेवाळ बर्फाखाली माझी वाट बघतं. ते मला कधी एका शब्दानं बोललं नाही."

सूर्यफूल वरमलं. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा जाणवलं, निघालेलो आपणच आहोत.

पिकल्यावर त्याची मान आजही खाली असते. विचारलं तर म्हणतं, "बियांचं ओझं झालंय."