वेशीवरची भाकरी

खूप जुन्या काळची गोष्ट. राजधानीच्या बुरुजावर सकाळचे आठ टोले पडले आणि नेमक्या त्याच घटकेला एका गावात गाड्यांची रांग शिरली. काय धांदल उडाली म्हणता!

हे नावालाच गाव. तीन अंगांनी राजधानीचं शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडलं होतं. चौथ्या अंगाला वेस, आणि वेशीपलीकडे डोंगराचं रान. गाड्यांतून उतरली शहरातली सुखवस्तू माणसं. "तिथं जीव गुदमरतो हो! आता आम्ही इथंच राहणार," ती म्हणाली.

गाव हरखून गेलं. नव्या माणसांनी घरं रंगवली, अंगणात फुलझाडं लावली, गल्लीत दिवे लावले. त्यांच्या बायका भाकरी थापायला बसल्या. भाकरी फाटली की सगळी आळी हसायची, त्याही हसायच्या.

गावात एक रीत होती. दिवेलागणीला प्रत्येक घरानं चतकोर भाकरी वेशीवर नेऊन ठेवायची. गावची कुत्री तिथं जमायची, खायची आणि तिथंच पसरायची.

नव्यांपैकी ललिताबाईंना ते बघवेना. "कोरडा तुकडा, तोही इतक्या लांब! बिचारी मुकी जनावरं." त्यांनी आपल्या ओसरीवर दूधभात मांडला, गोणपाट अंथरलं. त्यांचं बघून इतरांनीही तेच केलं. मग गावकऱ्यांनाही वेशीपर्यंत जायचा कंटाळा येऊ लागला.

वेशीला लागून शेवटचं घर सगुणाचं. तिची लेक नुकती चालायला लागली होती. जरा पाठ वळली की तुरुतुरु बाहेर. आईचा जीव सदा टांगणीला.

सगुणा म्हणाली, "बाई, कुत्री वेशीवरच बरी."

"का गं?"

सगुणा गोंधळली. "का ते नाही ठाऊक. पहिल्यापासून तसंच आहे."

"म्हणजे कारण काहीच नाही!" ललिताबाई हसल्या.

एका संध्याकाळी लेक कोंबडीमागं धावत वेशीबाहेर गेली. सगुणा मागोमाग धावली, आणि बघते तर काय! करवंदीच्या जाळीतून बिबट्या बाहेर येत होता!

तिनं झडप घालून पोरीला उचललं आणि अशी किंकाळी फोडली की सारी आळी हादरली. ललिताबाई परात बडवत धावल्या. ओसऱ्यांवरची कुत्री उठली, पण पोटं जड, पाय सुस्त. भुऱ्या नावाचा म्हातारा कुत्रा सर्वांत आधी पोचला, तेव्हा बिबट्या अगदी उडीच्या अंतरावर होता. एवढा गलका ऐकून तो बिचकला आणि कोंबडी तोंडात धरून रानात पसार झाला.

पोर वाचली हो! खरंच वाचली!

ललिताबाई परात खाली ठेवत म्हणाल्या, "अगं, मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं?" सगुणा रडत रडत म्हणाली.

भुऱ्या धापा टाकत बोलला, "आम्हाला ठाऊक होतं की! जनावर इथूनच उतरतं, म्हणून तर आम्ही इथं बसायचो. पण समोर दूधभात असताना कोण बोलतं?"

दुसऱ्या दिवसापासून भाकरी पुन्हा वेशीवर जाऊ लागली आणि कुत्रीही तिथंच बसू लागली. ललिताबाईंनी त्यांना तिथं छप्पर घालून दिलं. आणि गावात नवं बिऱ्हाड आलं की सगुणा त्यांना सगळ्यात आधी वेस दाखवायला नेऊ लागली.

बोध एवढाच: नव्या जागी गेलात तर तिथली रीत मोडण्याआधी तिचं कारण विचारा, आणि जुने असाल तर ते आधीच शोधून ठेवा.

तुमच्याही आळीत कुणी नवं राहायला आलं असेल ना? मग ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला. आजच घाला, लहान लेकरं आहेत घराघरांत.