पेटत्या भट्टीपुढचे सोळा आणे

एकदा एका काचकारखान्याच्या धन्याला कामगारांकडून रात्रपाळीही करून घ्यायची होती. त्या राज्यात अशी परवानगी वैद्याच्या निर्वाळ्यावाचून मिळत नसे. म्हणून त्याने एका वृद्ध वैद्यराजांना पाचारण केले.

वैद्यराजांनी आधी शिष्याला पाठवले. तो नुकताच मन जोखण्याची विद्या शिकला होता आणि तिचा त्याला भारी अभिमान. "कामात खंड नको, भट्टीपाशीच विचारा," असे धन्याने बजावले. शिष्याने प्रत्येकाला विचारले, "मन किती स्वस्थ आहे? सोळा आण्यांपैकी किती?"

घामाने निथळणारा जो तो म्हणाला, "सोळा आणे!" तुळाजी नावाच्या कारागिराचे डोळे जागरणाने तारवटले होते, तरी त्याचाही जबाब तोच. शिष्य हरखला. धन्याने तर पेढे मागवले.

इतक्यात वैद्यराज आले. त्यांनी तुळाजीकडे पाहिले आणि म्हणाले, "भट्टी विझवा."

"डोकं ठिकाणावर आहे का?" धनी कडाडला. "सगळा माल वाया जाईल!"

"मग माझा निर्वाळा विसरा."

धन्याचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी थंड भट्टीपुढे शिष्याने तोच प्रश्न विचारला. तुळाजी जमिनीवर बसला आणि म्हणाला,

"कसले आणे घेऊन बसलात, दादा? डोळ्याला डोळा लागत नाही. काल वाटलं, या जाळातच उडी टाकावी."

मग एकेक जण बोलू लागला. शिष्याने विचारले, "मग काल खोटं का सांगितलंत?"

तुळाजी म्हणाला, "पेटत्या भट्टीपुढं वंगाळ बोलत नाहीत. काच तडकते म्हणतात. रीतच आहे आमची."

वैद्यराजांचा संताप उफाळून आला. "ऐकलंस? ही रीत मी ऐकून होतो, म्हणूनच भट्टी विझवायला लावली. जिथे यांच्या तोंडाला कुलूप, तिथे उभा राहून तू यांचं मन मोजलंस! असलं मोजमाप काय जाळायचंय? तू निदान अजाण होतास. पण शेठ, तुमचा जन्म या भट्टीवर गेला. रीत ठाऊक होती, म्हणूनच यांना इथे विचारायला लावलंत ना? माणूस जाळात उडी घ्यायला निघाला आणि तुम्ही पेढे वाटता! लाज वाटू द्या!"

धन्याने मान खाली घातली. तो पुटपुटला, "मग भट्टी पेटवायची कधी?"

शिष्य तुळाजीशेजारी जमिनीवर बसला होता. तो म्हणाला, "ते यांना विचारा, शेठ. पण विस्तव पेटवायच्या आधी."